फळ्यावर नावं लिहिणारा प्रतिनिधी

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या हायस्कूलमध्ये शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक असते. सहावीच्या वर्गातली बाकं बाजूला सारून मतदान केंद्र तयार होतं. पटांगणावर चुन्याची रेघ ओढून हद्द ठरवतात, तिच्या आत प्रचाराला बंदी. एका मोबाइलवर मतदान यंत्राचं ॲप असतं, त्यात उमेदवारांचे फोटो आणि पाटी, छत्री, सायकल, बॅट अशी चिन्हं. दहावीचा एक मुलगा यादीत नाव शोधतो, दुसरा मार्करनं डाव्या तर्जनीला शाई लावतो, तिसरी मुलगी मोबाइलजवळ बसते. बोट टेकलं की लांबलचक बीप वाजतो आणि पाचवीतली पोरं दचकून हसतात. दुसऱ्या दिवशी परिपाठात निकाल आणि शनिवारी शपथविधी. मुख्यमंत्री, स्वच्छता मंत्री, आरोग्य मंत्री, पोषण आहार मंत्री, क्रीडा मंत्री, सहल मंत्री. फोटो पालकांच्या ग्रुपवर जातात, तालुक्याच्या पेपरात चौकटीत बातमीही येते.

मी आठवी ते दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवतो. हा सगळा सोहळा बरीच वर्षं माझ्याच हातून पार पडत आलाय आणि मला त्याचा अभिमान होता. तो दोन वर्षांपूर्वी एका ऑक्टोबरमध्ये उतरला. त्या वर्षीची मुख्यमंत्री नववीतली मुलगी होती, चांगल्या मतांनी निवडून आलेली. सहामाही परीक्षा संपल्यावर ती स्टाफरूमच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "सर, राजीनामा कुणाच्या नावानं लिहायचा?"

आठवीच्या पुस्तकात राज्यशासनाचा धडा आहे. मुख्यमंत्री राज्यपालांकडे राजीनामा देतात, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. तिचा प्रश्न साधा होता. आमच्या शाळेत राज्यपाल कोण?

मी तिला बसवून कारण विचारलं. मुलींच्या स्वच्छतागृहातल्या दोन दारांपैकी एकाची कडी जूनपासून तुटलेली होती. एकीनं आत जायचं, दुसरीनं बाहेर दार धरून उभं राहायचं, असं चाललं होतं. मधली सुट्टी त्यातच जायची. पाळीच्या दिवसांत काही मुली शाळेतच येत नव्हत्या. तिनं ऑगस्टमध्ये मला सांगितलं, मी "सांगतो" म्हणालो. सप्टेंबरमध्ये तिनं ऑफिसात सांगितलं, तिथे "बघू" म्हणाले. परीक्षेच्या आधी पुन्हा सांगितलं, तेव्हा कुणीतरी "आधी अभ्यास करा" म्हणालं. "आता वर्गातल्या मुली मला विचारतात, तुला कशाला निवडून दिलं," ती म्हणाली. "माझ्याकडे उत्तर नाही, सर."

मतदारानं प्रश्न विचारावा आणि निवडून आलेल्या माणसाची झोप उडावी, यासाठीच तर आपण निवडणुका घेतो. नववीतल्या मुलींनी ते बरोबर ओळखलं होतं. त्यांच्या प्रतिनिधीनंही ओळखलं होतं. कमी पडलो ते आम्ही मोठे. मुलांना मतदान शिकवताना आम्ही काही कसर ठेवली नव्हती, शाईसुद्धा आणली होती. पण निवडून आल्यावर तिनं कुणाकडे जायचं, कुणी किती दिवसांत तिला उत्तर द्यायचं, नाही म्हणायचं तर कारण द्यायचं की नाही, यातलं काहीच आम्ही ठरवलं नव्हतं. शपथविधीच्या दुसऱ्या दिवशी मंत्रिमंडळ संपलेलं असायचं आणि उरायचे ते बिल्ले.

माझं म्हणणं एवढंच आहे. शाळेतल्या निवडणुकीपेक्षा निवडणुकीनंतरचे दहा महिने महत्त्वाचे आहेत. ते दहा महिने रिकामे ठेवणार असू, तर ती निवडणूक न घेतलेली बरी, कारण त्यातून मुलं भलताच धडा घेतात. मत देणं हा एक कार्यक्रम असतो, त्यानं कडी बसत नाही, हे चौदाव्या वर्षी अनुभवानं कळलेलं मूल अठराव्या वर्षी मतदार यादीत नाव नोंदवायला उत्साहानं का जाईल?

हे असं का झालं, याचा विचार करताना मला पुन्हा पुन्हा 'मॉनिटर' हा शब्द आठवतो. आपल्याकडे वर्गप्रतिनिधीची कल्पना या शब्दातून आली आणि तिथेच अडकून पडली. शब्द लॅटिनमधला, बजावणं, ताकीद देणं या अर्थाच्या धातूवरून आलेला. शाळेतल्या मॉनिटरचा जगभर बोलबाला झाला तो मात्र आपल्याच देशातून. अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री 1789 मध्ये मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख झाला. शिक्षक कमी, जे होते ते त्याचं ऐकेनात. त्यानं मलबारी मुलांच्या एका शाळेत मुलं वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना पाहिली आणि ती रीत उचलली. वरच्या मुलानं खालच्या मुलांना शिकवायचं, अशी व्यवस्था त्यानं लावली. 1797 मध्ये त्यानं लंडनमध्ये त्याबद्दल लिहिलं आणि 'मद्रास पद्धत' इंग्लंडभर गेली. जोसेफ लँकेस्टरनं तिथे तशीच पद्धत चालवली. 1820 च्या दशकात मुंबईत मराठी शाळा काढणाऱ्या मंडळींनी ती लँकेस्टरच्या नावानं परत इकडे आणली. पंतोजींच्या शाळेत हुशार पोरानं धाकट्यांना पाढे घोकून घ्यायची चाल होतीच, त्यामुळे ती इथे परकी वाटली नाही.

गरिबीतून काढलेली ती वाट होती आणि तिनं हजारो मुलांना अक्षरओळख दिली, ते मी नाकारत नाही. पण मॉनिटर हा मास्तरांचा हात होता. एका शिक्षकाला दहा हात फुटावेत म्हणून तो नेमला जायचा. मुलांनी त्याला निवडलेलं नव्हतं आणि मुलांचं म्हणणं वर नेणं हे त्याचं कामही नव्हतं. आज दोनशे वर्षांनी शिक्षक पुरेसे आहेत (निदान कागदावर), तरी आपण मॉनिटर कायम ठेवला आणि त्यालाच 'वर्गप्रतिनिधी' म्हणायला लागलो. एकाच पोराच्या खिशाला दोन बिल्ले. एक सांगतो, तू सरांचा माणूस. दुसरा सांगतो, तू वर्गाचा माणूस. दोन्ही एकदम पाळता येत नाहीत, आणि मूल अर्थातच सरांचा बिल्ला पाळतं.

ऑफ तासाला कुठल्याही वर्गाच्या खिडकीतून पाहा. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात 'बोलणाऱ्यांची नावे' असं शीर्षक, खाली दुहेरी रेघ. मॉनिटर हातात खडू घेऊन वर्गाकडे तोंड करून उभा. पहिल्यांदा बोललं की नाव. पुन्हा बोललं की नावापुढे फुली. तीन फुल्या झाल्या की नावाभोवती चौकोन, आणि चौकोनवाल्यांना सर आल्यावर पहिली शिक्षा. मॉनिटरच्या मित्राचं नाव सहसा येत नाही. कालच्या क्रिकेटमध्ये ज्यानं त्याला आऊट दिलं त्याचं पहिल्या मिनिटाला येतं. डब्यातला एक लाडू किंवा एक जेल पेन दिलं की फुली पुसली जाते. सर येतात, यादी बघतात, कुणालाही काही न विचारता नावं वाचतात. आरोप, पुरावा, निकाल, सगळं त्या खडूत. ज्यांची नावं असतात ती पोरं मॉनिटरवर डूख धरतात, उरलेली त्याला घाबरतात. आणि तो स्वतः, बारा-तेरा वर्षांचा मुलगा, सत्ता म्हणजे इतरांची नावं लिहिण्याचा अधिकार, हे मनाशी पक्कं करून घरी जातो.

मी स्वतः सातवीत मॉनिटर होतो. ज्या मुलाचं नाव मी रागानं लिहिलं आणि ज्यानं त्यापायी हातावर छड्या खाल्ल्या, त्याचा चेहरा मला अजून आठवतो. तो बोललाच नव्हता. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली, छडी बऱ्याच ठिकाणी गेली. फळ्यावरची यादी गेली नाही.

शहरांतल्या इंग्रजी शाळांत चित्र दिसायला वेगळं आहे, आतून तेच. तिथे हेड बॉय, हेड गर्ल, हाउस कॅप्टन, प्रीफेक्ट, खांद्यावरून तिरपे पट्टे, जूनच्या अखेरीस मोठा पदग्रहण समारंभ. ही रीत इंग्लंडच्या निवासी शाळांतली. रग्बी शाळेत 1828 पासून थॉमस अर्नोल्ड मुख्याध्यापक होते, त्यांनी वरच्या वर्गातल्या मुलांच्या हाती वसतिगृहाची शिस्त दिली, धाकट्यांना मारण्याच्या अधिकारासकट. राज्यकारभार करणारी माणसं घडवायची ती व्यवस्था होती आणि तिनं तशी माणसं घडवलीही. पण ज्यांच्यावर राज्य झालं त्यांनी ती जशीच्या तशी का जपावी, हा प्रश्न आपण स्वतःला विचारलेला नाही. बहुतेक ठिकाणी हेड गर्ल मुलाखतीतून निवडतात. उंची, इंग्रजी, टक्केवारी आणि शिक्षकांचं मत, यावर. ती पाहुण्यांचं स्वागत उत्तम करते. तिच्या वर्गातल्या मुलींना काय हवंय, हे तिला विचारायला कुणी सांगितलेलं नसतं.

गुणांवरून प्रतिनिधी नेमायची सवय आपल्या राज्यात कायद्यातही शिरली होती, ते नव्या पालकांना कदाचित माहीत नसेल. 1989 मध्ये मुंबईत कॉलेजच्या निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. त्याआधीही मारामाऱ्या, पळवापळवी, बाहेरचा पैसा हे सगळं होतंच. पुढे निवडणुका बंद झाल्या आणि 1994 च्या विद्यापीठ कायद्यानं वर्गात पहिला येणारा तोच वर्गाचा प्रतिनिधी, असं ठरवून टाकलं. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं खुल्या निवडणुका पुन्हा कागदावर आणल्या. 2019 मध्ये वेळापत्रकही निघालं आणि विधानसभेची निवडणूक आली म्हणून ते लांबणीवर पडलं. या सगळ्या काळात कॉलेजातून गेलेल्या पिढ्यांनी प्रतिनिधी निवडण्याचा, तो चुकीचा निघाल्याचा, पुढच्या वर्षी तो बदलल्याचा अनुभवच घेतला नाही. एकदम विधानसभेचं बटण दाबलं.

खून ही लहान गोष्ट नव्हती आणि तेव्हाच्या पालकांची भीती खरी होती. पण उपाय चुकला असं मला वाटतं. पहिल्या नंबरच्या मुलाला गणित येतं म्हणून त्याला मागच्या बाकावरच्या मुलाचं दुखणं कळेल, असं नाही. कित्येकदा तर तोच वर्गापासून सर्वांत तुटलेला असतो, क्लास आणि अभ्यास यांत बुडालेला. प्रतिनिधी होणं हे बक्षीस नाही, काम आहे. आणि काम करणाऱ्याला ज्यांचं काम तो करतो त्यांनीच नेमायचं असतं.

आता कुणी म्हणेल, लहान मुलांच्या हाती असं काय देणार? दिलं तर काय होतं, याची दोन उदाहरणं मी वर्गात नेहमी सांगतो.

यानुश कोर्चाक हे पोलंडमधले बालरोगतज्ज्ञ. 1912 पासून वॉर्साच्या क्रोखमाल्ना रस्त्यावरचं ज्यू मुलांचं अनाथालय ते चालवत. तिथे मुलांचं न्यायालय होतं. त्या आठवड्यात ज्यांच्यावर एकही तक्रार नाही, अशा मुलांतून चिठ्ठ्या टाकून पाच न्यायाधीश निवडायचे. कुणीही कुणाविरुद्ध तक्रार लिहावी. त्या न्यायालयाची कलमं कोर्चाकनी स्वतः लिहिली होती आणि त्यांतली पहिली नव्याण्णव क्षमेची होती. वेगवेगळ्या कारणांनी माफ करण्याची नव्याण्णव कलमं! शिक्षा शंभरानंतर सुरू व्हायची आणि शेवटच्या हजाराव्या कलमापर्यंत क्वचित जायची. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते पुढचं. सहा महिन्यांत पाच वेळा कोर्चाक स्वतः त्या न्यायालयापुढे उभे राहिले. एका मुलाच्या कानशिलात मारली म्हणून, एकाला झोपायच्या खोलीतून बाहेर काढलं म्हणून, एका मुलीवर चोरीचा संशय घेतला म्हणून. हे सगळं त्यांनीच लिहून ठेवलंय. 1942 मध्ये नाझींनी त्या मुलांना त्रेब्लिंकाच्या छावणीत नेलं, तेव्हा सुटकेची संधी असूनही ते मुलांबरोबर गेले आणि मुलांबरोबरच मारले गेले. मुलांपुढे जाब द्यायला जो कधी कमीपणा मानत नव्हता, त्यानं शेवटीही त्यांचा हात सोडला नाही. ही एकाच माणसाची एकच वृत्ती आहे.

हा परिच्छेद मी वर्गात वाचतो तेव्हा मुलं दर वेळी एकच प्रश्न विचारतात. "सर, तुमच्यावर तक्रार करता येईल का?"

दुसरं उदाहरण राजस्थानातलं, अजमेर जिल्ह्यातल्या तिलोनियाचं. तिथल्या बेअरफूट कॉलेजनं गुरं-शेळ्या राखणाऱ्या मुलांसाठी रात्रशाळा काढल्या, कारण दिवसा त्यांना शाळेत येणं शक्य नव्हतं. 1990 च्या दशकात या रात्रशाळांतल्या मुलांनी मतदान करून आपली बालसंसद निवडायला सुरुवात केली. एका वेळची पंतप्रधान बारा वर्षांची होती. सकाळी वीस शेळ्या राखायची, संध्याकाळी मंत्रिमंडळ चालवायची. तिचे शिक्षणमंत्री, ऊर्जामंत्री, आरोग्यमंत्री होते आणि ते दीडशे शाळांवर देखरेख करायचे. शिक्षक वेळेवर येतो का, सौर कंदील पेटतो का, पाट्या पुरतात का, हे पाहायचं आणि नसेल तर संस्थेला जाब विचारायचा. मोठ्यांना त्याची दखल घ्यावी लागायची. आमचे मंत्री आणि ते मंत्री, खाती जवळपास सारखीच आहेत. फरक आहे तो त्यांच्या बोलण्याला वजन होतं यात.

पैशाबद्दलही एक नमुना सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सरकारी हायस्कुलांत विद्यार्थी संघटनेचा स्वतःचा निधी असतो. खाऊचे स्टॉल, सामन्यांची तिकिटं यांतून तो जमतो. त्या निधीतून खर्च करायचा तर तिथल्या कायद्यानं तिघांची मंजुरी लागते, प्रशासनाची, सल्लागार शिक्षकाची आणि विद्यार्थी प्रतिनिधीची. तिथली अध्यक्षपदाची निवडणूक अनेकदा दिसण्यावर आणि लोकप्रियतेवर जाते, ते आपण घ्यायचं कारण नाही. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या सहीशिवाय त्यांचा पैसा हलत नाही, हे घेण्यासारखं आहे. आपल्याकडे हायस्कुलात सत्र फी म्हणून जे घेतात त्यातून खेळाचं साहित्य, गॅदरिंग वगैरे होतं. त्यातली अगदी छोटी रक्कम, वर्षाला दोन-तीन हजार, मुलांच्या मंत्रिमंडळानं ठरावानं खर्च करावी आणि हिशेब परिपाठात वाचून दाखवावा, याला कुणाची हरकत असू नये. चेंडू आणायचे की ग्रंथालयाला पंखा, यावर मुलं तावातावानं भांडतील. भांडू द्यावं. अंदाजपत्रक म्हणजे काय ते तेव्हा कळेल.

मग नेमकं काय करायचं? आमच्या शाळेत त्या ऑक्टोबरनंतर जे सुरू केलं, त्यावरून सांगतो.

आम्ही एक जाड वही घेतली. चार रकाने आखले. तारीख, मुलांचं म्हणणं, कोणाकडे दिलं, उत्तर. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मंत्रिमंडळाची बैठक, तिथे प्रत्येक वर्गाचा प्रतिनिधी वर्गात आधी विचारून आलेले विषय मांडतो. ठरलेले विषय वहीत जातात. पंधरा दिवसांत मुख्याध्यापकांनी चौथ्या रकान्यात लेखी उत्तर द्यायचं. 'होय' म्हणण्याचं बंधन नाही. 'नाही' चालेल, पण कारणासह. ती वही ग्रंथालयाच्या टेबलावर असते, कुणीही उघडून पाहावी. बस्स, एवढंच. आणि या एवढ्याशा गोष्टीला शाळेत जो विरोध झाला, तसा निवडणुकीला कधीच झाला नव्हता. "तोंडी सांगितलं तर होत नाही का?", "उद्या ही वही कुणी बाहेर दाखवली तर?" असं सहकारी म्हणाले. मला तेव्हा कळलं की मुलांनी मतदान करण्याची आपल्याला भीती वाटत नाही, त्यांनी लिहून ठेवण्याची वाटते.

नावं लिहिण्याचं काम आम्ही वर्गप्रतिनिधीकडून काढून घेतलं. ऑफ तासाची शिस्त ही शिक्षकाची जबाबदारी. ती पेलत नसेल तर वेळापत्रक बदलावं, पण ती मुलाच्या गळ्यात बांधू नये. खडू आणणं, हजेरीपट देणं-घेणं ही कामं पाळीपाळीनं सगळ्यांना दिली, आज खिडकीजवळची रांग तर उद्या भिंतीजवळची. प्रतिनिधीचं काम वेगळं, वर्गाचं म्हणणं नेणं आणि उत्तर परत आणून सांगणं. उत्तर परत आणणं हा अर्धा भाग आपण फार विसरतो. आणि दिवाळीनंतर वर्गातल्या अर्ध्याहून जास्त मुलांनी चिठ्ठीवर मागणी केली तर नवा प्रतिनिधी. पहिल्या वर्षी दोन वर्गांनी बदलला. एकाला रडू आलं, त्याच्याशी बोलत बसावं लागलं. हे शिक्षकाचं काम आहे आणि ते टाळायचं म्हणून निवडणूकच नको, असं म्हणता येत नाही.

मुलींचा प्रश्न वेगळा लिहायला हवा. महाराष्ट्रात पंचायत राज संस्थांत 2011 पासून महिलांना पन्नास टक्के जागा आहेत. शालेय मंत्रिमंडळातही मुली असतात, पण खाती बघा. मुलीकडे स्वच्छता किंवा सांस्कृतिक, मुलाकडे क्रीडा. स्वच्छता मंत्री म्हणजे काय, तर वर्ग झाडून घेणारी. रांगोळी तिचीच, पाहुण्यांना गुलाब देणंही तिचंच. हे शिक्षकांच्या नकळत होतं, माझ्याही झालंय. आता आम्ही प्रत्येक वर्गातून एक मुलगी आणि एक मुलगा असे दोन प्रतिनिधी घेतो आणि खाती चिठ्ठ्या टाकून देतो. पहिल्या सोडतीत क्रीडा खातं आठवीतल्या मुलीकडे गेलं. तिनं आल्या आल्या विचारलं की पटांगण रोज मुलांकडेच का असतं. वहीत ते पान आहे. आता मंगळवार आणि गुरुवार मुलींचे.

राजकारण शाळेत शिरेल, हा आक्षेप मी सर्वांत जास्त वेळा ऐकला. गावातले गट, भावकी, जात हे सगळं शाळेच्या फाटकाबाहेर थांबतं, असं मानणं भाबडेपणाचं आहे. ते आत आहेच, बाकावर कोण कुणाशेजारी बसतं यात आहे, डबा कोण कुणाबरोबर खातं यातही आहे. आम्ही प्रचाराला घरच्यांना बंदी केली, पोस्टर आणि खाऊ बंद केला, प्रत्येक उमेदवाराला सगळ्या वर्गांसमोर तीन मिनिटं दिली. कॉलेजच्या निवडणुकांसाठी लिंगडोह समितीनं 2006 मध्ये खर्चाला पाच हजारांची मर्यादा सुचवली होती. शाळेत ती शून्य रुपये ठेवणं अवघड नाही. तरी एका वर्षी एका वाड्यातल्या सगळ्या मुलांनी एकगठ्ठा मत दिलं, आम्हाला ते कळलंही. त्यावर दहावीच्या वर्गात आम्ही दोन तास बोललो. 'लोकशाहीसमोरील आव्हाने' हा धडा त्या वर्षी मला वेगळा शिकवावा लागला नाही.

दुसरा आक्षेप मात्र मला मान्य आहे. शिक्षकाला वेळ कुठे आहे? मतदार याद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, पुन्हा तीच माहिती दुसऱ्या नमुन्यात भरणं. यात आणखी एक उपक्रम नको, असं कुणी म्हटलं तर मी त्याच्या बाजूचा आहे. म्हणून तर मी म्हणतो, सोहळा कमी करा. ॲप, बिल्ले, पाहुणे, बातमी यांवर जे चार दिवस जातात, त्यांतला एक ठेवा, उरलेले तीन दर महिन्याच्या बैठकांना द्या. चिठ्ठ्यांवर मतदान केलं तरी चालतं.

एक रेघ मात्र ठळक आखायला हवी. छळाच्या, अत्याचाराच्या तक्रारी हा वर्गप्रतिनिधीचा विषय नाही. तेवढं ओझं मुलावर टाकायचं नसतं. त्यासाठी तक्रारपेटी आहे, 2022 पासून मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आहे आणि लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळली की पोलिसांना कळवण्याचं बंधन 2012 च्या पॉक्सो कायद्यानं मोठ्यांवर घातलंय. आम्ही प्रतिनिधींना पहिल्याच बैठकीत हे सांगतो. कुणी तुमच्याकडे असं काही बोललं तर त्याला एकटं सोडू नका आणि लगेच बाईंना गाठा.

भारतानं 1992 मध्ये संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता स्वीकारली. तिचं बारावं कलम म्हणतं की मुलाशी संबंधित प्रत्येक बाबतीत त्याला आपलं मत मांडता यावं आणि वयाच्या व समजेच्या मानानं त्या मताला वजन मिळावं. मत मांडू देणं आपण करतो, वक्तृत्व स्पर्धा घेतो, निबंध लिहून घेतो. वजन देणं राहून जातं. कॅलेंडरवरच्या बालदिनाला एक दिवस मुलांना मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसवायची हौस आपल्याकडे मोठी आहे. त्या खुर्चीत बसलेल्या मुलाला त्या दिवशीसुद्धा कडी बसवता येत नाही.

ती कडी पुढे बसली. वहीतली पहिली नोंद तीच होती. हार्डवेअरच्या दुकानातून शंभराच्या आत आली, शिपाईमामांनी दहा मिनिटांत लावली. पाच महिने लागले ते कुणी दुष्ट होतं म्हणून नाही. तोंडी सांगितलेलं कुणाच्याच अंगावर पडत नव्हतं, म्हणून. त्या मुलीनं राजीनामा दिला नाही. ती आता अकरावीला तालुक्याला जाते.

यंदाच्या वहीत तेवीस नोंदी झाल्यात. सतरांना होकार आहे, पाचांना कारणासह नकार. एका नकाराबद्दल सांगतो. मुलांनी मागितलं होतं की मधल्या सुट्टीत ग्रंथालय उघडं असावं. उत्तर आलं, "ग्रंथपालाचं पद रिक्त असल्यानं शक्य नाही." कारण खरं आहे, मुख्याध्यापकांच्या हातात ते नाही. पुढच्या बैठकीत सातवीच्या प्रतिनिधीनं विषय पुन्हा घेतला आणि त्याच पानावर खाली नवी नोंद घातली, तेविसावी. "आम्ही नववीचे आठ जण आणि सातवीचे आठ जण पाळीपाळीनं बसू. पुस्तकांची नोंद ठेवू. हरवलं तर भरून देऊ. चावी मिळेल का?"

समोरचा रकाना अजून कोरा आहे. पंधरा दिवस येत्या शनिवारी संपतात.